मेंढराच्या डोळ्यानं घेतलेली जमीन

अण्णांनी आयुष्यात एकदाच जमीन घेतली, आणि ती मेंढराच्या डोळ्यानं पाहून घेतली. खुलताबादच्या डोंगराखाली, उतारावर, जिथं मुरूम बघायला माती उकरावी लागत नाही अशी ती जागा. विकणाऱ्याला शहरात लेकाकडं राहायला जायचं होतं आणि घाई होती. त्याच्याकडं दोन तुकडे होते, एक हा वरचा आणि एक खालच्या अंगाचा, काळ्याभोर मातीचा. भावात फारसा फरक नव्हता. कोणताही घ्या, म्हणाला. अण्णा दोन्ही तुकड्यांवरून सावकाश चालत गेले. मी आणि माय मागं होतो. काळ्या तुकड्यात त्यांनी टाचेनं जमीन दाबून पाहिली आणि त्यांचं तोंड कडू झालं. पावसाळ्यात इथं चिखल होणार, मेंढरांचे खूर सडणार, माशा होणार. वरचा तुकडा त्यांना बघताक्षणी आवडला. पाणी साचत नव्हतं, वारा मोकळा होता, कडेला बोरी-बाभळी होत्या आणि एका मोठ्या खडकाच्या आडोशाला कोकरं कोंडायला आयती जागा होती. आज मुक्काम कुठं करायचा, या एकाच प्रश्नाचं उत्तर ज्या माणसानं जन्मभर रोज संध्याकाळी शोधलं, त्यानं जमीन घेतानाही तेच शोधलं. गंमत अशी, की ती जमीन घेण्यासाठी त्यांनी अर्धी मेंढरं विकली होती आणि उरलेली माझ्या मामाच्या कळपात घातली होती. म्हणजे मेंढरांसाठी उत्तम अशी जागा आम्ही घेतली तेव्हा आमच्या दारात एकही मेंढरू नव्हतं.

खालची काळी जमीन मग गुलाबरावांनी घेतली. त्यांचं घराणं गावात जुनं जमीनदार. एक भाऊ शहरात सरकारी नोकरीत आणि दुसऱ्याचं शहागंजात बी-बियाण्यांचं दुकान. गुलाबराव स्वतः गावात राहून गावाला दिशा दाखवत असत. समोर दोनच माणसं असली तरी ते बोलायला सुरुवात 'बंधूंनो' अशी करायचे. व्यवहार झाल्यावर ते आमचा तुकडा बघायला आले आणि काठीनं दोन-चार दगड उलटवून म्हणाले, "लक्ष्मणा, जमीन घेतली का खाण?"

"हवा चांगलीय," अण्णा म्हणाले.

"मग औंदा हवा पेरणार का?"

गावाला वर्षभर पुरेल एवढी करमणूक झाली. पुढं मी शहरातल्या एका कॉलेजात निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला. शेतीच्या भूगोलाच्या धड्यात जमिनीची प्रत कशावरून ठरते याची यादी असते: मातीची खोली, पाणी, उतार, बाजारापासूनचं अंतर. ती यादी फळ्यावर लिहिताना दरवर्षी माझा हात जरा थांबायचा, कारण मेंढराचा खूर त्यात नसायचा. हल्ली त्याच आमच्या तुकड्यावर शहरातली माणसं गाडी थांबवून उतरतात, कमरेवर हात ठेवून खाली बघतात आणि 'व्ह्यू भारी आहे' म्हणतात. गुलाबरावांच्या काळ्या रानात प्लॉट पडले आहेत आणि त्याला एक कमान आहे. कमानीला रस्त्यापेक्षा जास्त सिमेंट लागलं असावं. जमीन तिथंच आहे. तिच्याकडं बघणारे डोळे तेवढे बदलत गेले, आणि प्रत्येकाला वाटलं की तिची खरी किंमत आपल्यालाच कळली.

जमीन घ्यायचा हट्ट मायचा होता. मी चालायला लागल्यापासून आम्ही दिवाळीनंतर डोंगर उतरून गोदावरीकडच्या रानांत जात होतो आणि पावसाच्या तोंडावर परत येत होतो. घोडीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर उलट्या बांधलेल्या कोंबड्या, झोळीत कोकरं, आणि कधीकधी कोकरांबरोबर मी. रोज नवं रान, रोज नवे तीन दगड आणि त्यांची चूल. मायनं कधी भटकण्याबद्दल मोठी तक्रार केली नाही. ती एवढंच म्हणायची, "मला एकाच चुलीची राख दुसऱ्यांदा काढायची हाय." अण्णांना हे मागणं अजब वाटायचं. राखेत काय आहे, असं ते विचारायचे. पण मी मोठी होत होते, गावात शाळा होती, आणि माय एकच वाक्य वर्षानुवर्षं न चिडता बोलू शकत होती. अशा बाईपुढं माणूस कधीतरी वाकतोच.

घर म्हणजे दगडमातीच्या चार भिंती आणि वर पत्रा. वारा सुटला की पत्रा असा वाजायचा की आम्ही बोलणं थांबवून त्याचं संपायची वाट बघायचो. अण्णांना त्या पत्र्याखाली झोप यायची नाही. कळपाजवळ निजलेल्या माणसाला शेकडो श्वासांच्या आवाजाची सवय असते. त्यातला एक जरी बिघडला तरी तो जागा होतो. इथं बिघडायला काहीच नव्हतं, म्हणून ते सारखेच जागे असायचे. घोंगडी घेऊन बाहेर जायचे. जेवतानासुद्धा उंबऱ्यात उकिडवे बसून, तोंड रानाकडं करून, चार घास झाले की उठून कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचे. काय बघून यायचे ते त्यांनाही सांगता आलं नसतं. माय बाजरीची भाकरी तव्यावर फुगवून चुलीच्या तोंडाशी उभी करायची, ठेचा वाटायची, अंबाडीची भाजी करायची, आणि चहाला गावातून शेळीचं दूध आणायची. मेंढीच्या दाट दुधावर वाढलेले अण्णा तो चहा पिऊन म्हणायचे, "रंग चांगला आलाय." दसरा जवळ आला, वारं फिरलं, आणि मग ते दिवसभर चालायलाच लागले. गावात, विहिरीवर, डोंगराच्या नाकाडापर्यंत आणि परत. माय म्हणाली, "जमिनीवर बसा म्हणलं, तर ह्यो माणूस तिच्यावर फेऱ्या मारतोय."

त्या पहिल्या वर्षीची बाजरी गुडघ्याएवढी झाली आणि तिथंच तिनं विचार सोडून दिला. कणसं एवढी बारीक की पाखरंही खाली गुलाबरावांच्या रानात जायची. खत पाहिजे हे सांगायला कोणाची गरज नव्हती. आणि खत म्हटल्यावर आमच्या लोकांना एकच ठाऊक. पीक निघालं की शेतकरी धनगराला बोलावतो. धनगर कळप घेऊन त्या रानात मुक्काम करतो. सुतळीच्या जाळीचं कुंपण असतं, त्याला आम्ही वाघर म्हणतो, ती लावून मेंढरं रात्रभर एका जागी कोंडायची, दुसऱ्या रात्री वाघर पुढं सरकवायची, असं सगळं रान लेंड्यांनी भरून निघतं. शेतकरी त्याबद्दल धान्य देतो. हाच प्रकार मी मागं एका परिसंवादात पडद्यावर पाहिला. आधी दीपप्रज्वलन झालं. पंखा चालू असल्यामुळं ते परत परत झालं. मग शाली झाल्या. मग वक्त्यांनी मेंढरापासून शेतापर्यंत एक बाण दाखवला आणि शेतापासून धनगरापर्यंत दुसरा. बाण बरोबर होते. वास तेवढा नव्हता.

तर अण्णांनी मामाला सांगावा धाडला: खाली उतरताना आमच्या रानात बसा. मामाचं नाव सखाराम, मायचा धाकटा भाऊ. तो गयामामी, घोडी, कुत्री आणि सगळा कळप घेऊन आला तेव्हा दुपार कलली होती. आधी घंटांचा आवाज आला, मग धूळ दिसली. मी शाळेचं दप्तर बांधावर टाकून पळाले. अण्णा पळाले नाहीत, पण त्यांचं चालणं मी वर्षभरात तसं पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतःची मेंढरं लांबूनच ओळखली. तीही त्यांना ओळखत होती, असं ते म्हणाले; मला तरी ती खाली मान घालून चरताना दिसली.

आता अडचण अशी, की अण्णा आयुष्यभर पाहुणे म्हणून लोकांच्या रानात बसले होते. यजमान कसं व्हायचं ते त्यांना माहीत नव्हतं. मामानं वाघरीचा खुंटा काढला की अण्णा दुसरा खुंटा ठोकायला हजर. मामानं कुत्र्याला भाकरी टाकायच्या आत यांनी टाकलेली. शेवटी मामा वैतागला.

"दाजी, तुमी मालक हायत आता. मालकानं बांधावर हुभं ऱ्हायचं अन् नावं ठेवायची."

"कशाला नावं ठेवायची?"

"म्हणायचं, वाघर नीट सरकवली नाय. म्हणायचं, कालच्यापेक्षा मेंढरं कमी दिसत्यात. कुठलाबी मालक म्हणतोच की. तुमाला किती जणांनी म्हणलं असंल."

अण्णा बांधावर जाऊन उभे राहिले. बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "सखा, वाघर लई चांगली लावलीस."

गयामामी पदर तोंडात धरून हसायला लागली. "दाजी काय मालक व्हायचे नायत," ती म्हणाली. आम्हीही हसलो. माय हसली नाही. त्या संध्याकाळी ती भाकरी थापत होती आणि मी चुलीत काटक्या सारत होते. बाहेर वाघरीजवळ अण्णा मामाबरोबर जेवत होते, मांडी घालून, तोंड कुठंही न वळवता, मेंढीच्या दुधात भाकरी कुस्करून.

"बघ," माय म्हणाली, "तुझा बाप बसून जेवतोय."

"मग?"

"घरात कधी बसून जेवलाय?"

तिनं भाकरी उलटली. "ह्यो जातोय त्यांच्यासंगं," ती म्हणाली. "अन् गेला की पावसापत्तोर माघारी नाय. रान तसंच पडंल. मग पुढल्या साली आपण बी मागं, अन् घराला कडी." तिनं हे हवामान सांगावं तसं सांगितलं. 'जाऊ नका' असं ती अण्णांना म्हणाली नाही. मी तिला विचारलं, का म्हणत नाहीस? ती म्हणाली, "बांधून ठिवलेलं माणूस मला नगं. दाव्याला जनावर बांधत्यात."

मुक्काम उठला त्या दिवशी मी शाळेत होते. दुपारी आले तर रानात कोणी नव्हतं. फिक्या मुरमावर वाघरीचे काळे चौकोन एकापुढं एक पडलेले, आणि माय त्यांच्या कडेला फावड्यानं लेंड्या आत ओढत होती.

"अण्णा?"

"गेले."

"तुला सांगून?"

"सांगून गेले. म्हणाले, लासूरपत्तोर पोचवून येतो." तिनं फावडं टेकवलं. "लासूरपत्तोर पोचवायला घोंगडी कशाला लागती?"

मी दप्तर खाली टाकलं आणि निघाले. मायला वाटलं असेल की पोरगी बापाला परत आणायला निघाली. तिनं अडवलं नाही. पुढच्या काळात माझ्या सत्काराच्या एक-दोन समारंभांत वक्त्यांनी गहिवरून सांगितलं, की मॅडमच्या वडिलांनी मुलीच्या शिक्षणासाठी पिढ्यान्‌पिढ्यांची भटकंती सोडली. मी हार गळ्यात घालून ऐकत बसले. समारंभात दुरुस्त्या करायला जागा नसते. खरं असं, की मी त्यांना आणायला निघालेच नव्हते. मलाही जायचं होतं. वर्षभर मीही त्या पत्र्याखाली झोपत होते आणि वर्गात बसून खिडकीबाहेरच्या धुळीवरून कोणता कळप कुठं चाललाय याचा अंदाज बांधत होते. घंटा ऐकल्यापासून माझ्या पोटऱ्यांना चैन नव्हतं.

वाट शोधावी लागली नाही. लेंड्या होत्या, बाभळीच्या काट्यांना लोकर होती, आणि जिथं काहीच नव्हतं तिथं मेंढरू कुठून जाईल ते मला कळत होतं. ऊन कलताना लासूर स्टेशनच्या रस्त्याला लागून असलेल्या एका रानात ते दिसले. मामा वाघर लावत होता. अण्णा कळपाच्या मागं उभं राहून जिभेनं तो आवाज काढत होते, जो लिहून दाखवता येत नाही आणि जो ऐकल्यावर मेंढरं एकदम वळतात. मी पळत जाऊन दुसऱ्या बाजूनं तोच आवाज काढला. कळप वाघरीत शिरला. अण्णा माझ्याकडं बघून हसले, मी रोजच तिथं असते तसे. आम्ही दोघांनी मिळून कोकरं वेगळी केली. गयामामीनं मला वाटीभर दूध दिलं. तेवढा वेळ, मेंढरं बसून रवंथ करायला लागेपर्यंत, मी जितकी खूश होते तितकी नंतर क्वचितच झाले.

मग अण्णांनी विचारलं, "मायनं धाडलं व्हय तुला?"

"नाय. मी बी येणार तुमच्यासंगं."

"अन् ती?"

"ती हाय की घरी."

"एकटी?"

मी मान हलवली. अण्णांनी इकडंतिकडं पाहिलं. त्यांचा हिशोब मला त्या क्षणी दिसला. मायजवळ पोरगी आहे, म्हणजे माय एकटी नाही, या आधारावर ते घोंगडी घेऊन निघाले होते. आता तो आधार दूध पीत त्यांच्यासमोर बसला होता.

"पोरी, तुला शाळा हाय," ते म्हणाले.

"तुमाला रान हाय," मी म्हणाले.

मामा काटक्या मोडत ऐकत होता. तो म्हणाला, "दाजी, भांडू नका. एकानं तरी जा. माझी बहीण एकटी हाय त्या दगडात."

"मी सोडून येतो हिला," अण्णा म्हणाले. "उद्या गाठतो तुमाला."

"गाठा की," मामा म्हणाला. त्यानं अण्णांची घोंगडी घडी करून त्यांच्या खांद्यावर टाकली. ती ठेवून जा, असं काही तो म्हणाला नाही. अण्णांनी एकदा घोंगडीकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं, आणि रस्त्याला लागले.

लासूर स्टेशनकडून येणारी एस.टी. मिळाली. अण्णा खिडकीशी बसले आणि बाहेरची रानं बघायचा प्रयत्न करू लागले. कोणत्या रानातलं पीक निघालंय, कुठं कळप बसेल, कुठं पाणी आहे. एक रान नीट दिसायच्या आत दुसरं यायचं. "एवढ्या जोरात गेल्यावर काय दिसतंय?" ते चिडून म्हणाले. कंडक्टर म्हणाला, "चाचा, देखने को नहीं, पोचने को बैठते." अण्णांना ते अजिबात पटलं नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं, जणू कंडक्टरला मीच शिकवून ठेवलं होतं.

दिवेलागणीला घरी पोचलो. दार उघडं होतं. आत चूल विझवलेली, आणि दाराशी गाठोडं बांधून ठेवलेलं. मोठं, चौकोनी, घोडीवर चढवायचं असतं तसं पक्कं बांधलेलं. वर तवा खोचलेला. माय गाठोड्याला टेकून बसली होती.

अण्णा उंबऱ्यात थांबले. "कुठं निघालीस?"

"तुमच्या मागं. पोरगी बी गेली. मी काय दगडं राखत बसू?"

"घर तुला पायजे होतं ना?"

"घर पायजे होतं. भिताडं नाय." मग ती म्हणाली, "दुपारी गुलाबरावाकडं जाऊन आले. उद्याच्याला बैलं अन् नांगर मागितला. देतो म्हणलाय, पण त्याच्या बोलण्याचा काय नेम. म्हणून बांधून ठिवलं. सकाळी बैलं आली तर नांगरायचं, नाय आली तर निघायचं."

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. मला वाटतं, आपल्यापेक्षा जास्त तयारीनं निघालेलं माणूस घरातच होतं, हे त्यांना तेव्हा कळलं. ते खाली बसले आणि गाठोड्याची गाठ सोडायला लागले. माय म्हणाली, "सकाळपत्तोर ऱ्हाऊ द्या." ते म्हणाले, "तवा तर काढू दे. भूक लागलीय." दोघांनी मिळून तवा काढला, परात काढली, पिठाचा डबा काढला. बाकीचं गाठोडं तसंच राहिलं.

सकाळी बैलं आली, आणि बैलांच्या मागं गुलाबरावही आले. बैलं फुकट होती, उपदेश त्यांच्याबरोबरच होता. बांधावर उभं राहून ते म्हणाले, "बंधूंनो, लेंडीखत उन्हात ठेवलं की त्याचा कस जातो." बंधू एकच होते, आणि ते नांगराची मूठ कशी धरायची ते बघत होते. अण्णांनी बैलांना हाक घातली ती मेंढरांची. बैल गोंधळून उभे राहिले, मग त्यांनी आपणहून चालायला सुरुवात केली. नांगरानं ओढलेलं तास सरळ गेलं नाही. "डोळ्यापुढं झाड धर, लक्ष्मणा," गुलाबराव ओरडले. अण्णांनी झाड धरलं असेल, पण पाय उताराला धरून आडवेच जात होते.

माय घराच्या कोपऱ्याशी उभी होती. रानाच्या त्या टोकाला बांध होता आणि बांधापलीकडं लासूरच्या रस्त्याला उतरणारी वाट. अण्णा टोकाला पोचले आणि थांबले. बैलांनी माना हलवल्या. खाली कुठल्याशा कळपाच्या घंटा वाजत होत्या, लांब, मामाच्या नसतील, मामा एव्हाना पुष्कळ पुढं गेला असणार. अण्णा वाटेकडं तोंड करून उभे होते. गुलाबरावांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि मायनं त्यांच्याकडं न बघता हात वर केला. ते गप्प झाले. तेवढे गप्प मी त्यांना आधी किंवा नंतर कधी पाहिले नाही.

मग अण्णांनी बैल वळवले. पहिल्या तासाच्या शेजारी दुसरं तास लागलं, तेवढंच वाकडं.

माय आत वळली. जाता जाता तिची नजर माझ्यावर पडली. "तू अजून हितंच?" ती म्हणाली. "शाळा नाय व्हय आज?"